डेव्हलपमेंटसाठी व्हर्च्युअल मशीन: व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर की केव्हीएम?

विंडोजच्या लॅपटॉपवर बसून लिनक्स सर्व्हरसाठी कोड लिहिणाऱ्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, उभे करणाऱ्या ऑरॅकलच्या व्हर्च्युअलबॉक्सचे. ते मोफत आहे, स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेऊन ठेवला असेल तर बिघडलेली प्रणाली लगेच पूर्वस्थितीत आणता येते, आणि जोडीला व्हेग्रंट हे मशीन आपोआप उभारणारे साधन असेल तर एका फाइलवरून टीममधील प्रत्येकाकडे सारखाच सर्व्हर उभा राहतो. शिकणाऱ्याने ते निःशंकपणे घ्यावे. रोजच्या कामासाठी मात्र मी त्याला पहिली पसंती देणार नाही, आणि त्याचे मुख्य कारण वेग नसून शेअर्ड फोल्डर हे आहे.

कोड विंडोजमध्ये लिहायचा आणि तोच फोल्डर लिनक्समध्ये माउंट करून चालवायचा, अशी अनेकांची पद्धत असते. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमध्ये सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) तयार करण्यास डीफॉल्टने मनाई असल्यामुळे जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारे ‘एनपीएम इन्स्टॉल’ अर्ध्यावर अडकते. शिवाय विंडोजमध्ये फाइल सेव्ह झाल्याची वार्ता फाइलमधील बदल कळवणाऱ्या लिनक्सच्या आयनोटिफायपर्यंत पोहोचत नाही, म्हणून बदल होताच रीस्टार्ट व्हायला हवा तो डेव्ह सर्व्हर ढिम्म हलत नाही. पोलिंग लावून, म्हणजे फाइली पुन्हा पुन्हा तपासायला लावून, मार्ग निघतो, पण त्यात प्रोसेसर विनाकारण राबतो. त्यापेक्षा कोड लिनक्सच्या डिस्कवरच ठेवून एडिटर एसएसएचने (सुरक्षित रिमोट जोडणीने) जोडावा. व्हर्च्युअल मशीन कोणतेही घेतले तरी हेच बरे.

दुसरी अडचण हायपर-व्हीची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या हायपरव्हायझरची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराची). डब्ल्यूएसएल २ या विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीसाठी तो हायपरव्हायझर चालू असला की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हीटी-एक्स ही व्हर्च्युअलायझेशनची सुविधा थेट वापरता येत नाही आणि खालच्या पट्टीत संथ गतीची खूण म्हणून हिरवे कासव दिसू लागते. चिन्ह निवडणाऱ्याच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी लागेल! व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही अशा वेळी विंडोजच्याच हायपरव्हायझरवर चालते, मात्र तेव्हा नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी एक व्हर्च्युअल मशीन) मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमने ते व्यावसायिक वापरासाठीही मोफत केल्यामुळे, विंडोजवर डेस्कटॉपसह लिनक्स हवे असेल तर माझे मत त्यालाच. डाउनलोडसाठी नोंदणीचे सोपस्कार तेवढे करावे लागतात.

ऑफिसात व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्यांनी एक्स्टेन्शन पॅक या जादा सुविधांच्या पूरक पॅकेजचा परवाना अवश्य वाचावा, कारण तो पॅक वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरताच मोफत आहे. ७.० आवृत्तीपासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजमध्येच आल्यामुळे बहुतेकांना त्याची गरजही उरलेली नाही.

ज्यांचा लॅपटॉपच लिनक्सवर चालतो, त्यांनी फार शोधाशोध करू नये. केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायझर) २००७ पासून लिनक्स कर्नेलचाच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचाच, भाग आहे आणि व्हर्ट-मॅनेजर या ग्राफिकल साधनामुळे ते हाताळणेही सोपे झाले आहे. त्यात विंडोज बसवताना डिस्कसाठी व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला डिस्कचा प्रकार) निवडल्यास ड्रायव्हरची आयएसओ फाइल दुसऱ्या सीडी ड्राइव्हला आधीच जोडून ठेवावी, नाहीतर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही.