कुणाचं कपाट आपल्याला झेपेल?

मैत्रिणीला नवी नोकरी लागली. आठवड्याचे पाच दिवस ऑफिस, आणि दोन वर्षं घरून काम केल्यामुळे कपाटात निव्वळ पायजमे. तिनं मला पाच फोटो पाठवले, पाचही रोमँटिक कॉमेडीतल्या नायिकांचे, आणि खाली एकच ओळ: "यातली कुठली होऊ?" उत्तर लिहायला बसले ते चांगलंच लांबलं.

पाचांतला एक लगेच बाद केला. 2003 च्या ‘हाउ टू लूज अ गाय इन टेन डेज’मधला केट हडसनचा पिवळा गाऊन. दिसतो अप्रतिम, पण पाठ उघडी, कापड सॅटिनचं, आणि सॅटिन अंगाची प्रत्येक रेघ, आतल्या कपड्याची प्रत्येक शिवण चारचौघांत सांगून टाकतं. तो एका संध्याकाळचा कपडा आहे. त्यातला रंग घ्यावा, गाऊन पडद्यावरच राहू द्यावा.

उरलेल्या चौघींना मी एकच कसोटी लावली: ही बाई या कपड्यांत दिवसभर काही करते का? बसते, धावते, जिना चढते, सामान उचलते? सिनेमात कपडा नटीच्या अंगावरच बेतलेला असतो, मागून पिना लावलेल्या असल्या तरी कॅमेऱ्याला त्या दिसत नाहीत, आणि दर शॉटआधी कुणीतरी सुरकुती सारखी करून जातं. आपल्या मागे असं कुणी फिरत नाही. म्हणून नुसता सुंदर दिसणारा कपडा उचलला तर फसगत होते. तो अंगावर का बसतो याचं गणित उचललं तर जमतं.

सुरुवात ‘रोमन हॉलिडे’तल्या राजकन्येपासून. 1953 चा सिनेमा, ऑड्री हेपबर्न, आणि वेशभूषेसाठी एडिथ हेडला ऑस्कर. राजवाड्यातून पळालेल्या या मुलीकडे रोममध्ये कपड्यांचा एकच जोड आहे, पांढरा शर्ट आणि घेरदार स्कर्ट. सकाळी ती गळ्यापर्यंत बटणं लावलेली, लांब बाह्यांची, अगदी शिस्तीतली पोर दिसते. मग बाजारात सँडल घेते, केस कापते, बाह्या वर जातात, कॉलर उघडते, गळ्यात छोटा रुमाल येतो. कपडे तेच आणि मुलगी वेगळी. स्कूटरवरही ती याच स्कर्टात बसते, म्हणजे आपल्या कसोटीला पास.

हिचा फायदा उघड आहे: खर्च सगळ्यात कमी. एक बरा पांढरा शर्ट आणि एक स्कर्ट घेतला की काम झालं. तोटा दोन ठिकाणी. पांढऱ्या सुती शर्टाला रोज इस्त्री लागते. आणि घेरदार स्कर्टवर रुंद पट्टा आवळला की बघणाऱ्याची नजर थेट कंबरेवर जाते. हेपबर्नला ते चालून गेलं. मला जेवणानंतर दुपारी तीनला तो पट्टा नकोसा होतो. म्हणून मी तिच्याकडून फक्त बाही घेतली. कफ उलटा करून एकदम कोपराच्या वरपर्यंत न्यायचा, मग खालचा दुमडलेला भाग अर्धा वर घ्यायचा आणि कफाची कड थोडी बाहेर डोकावू द्यायची. बारीक बारीक घड्या घालत गेलं तर बाहीची दोरी होते आणि तासाभरात खाली घसरते.

आता ‘ॲनी हॉल’. हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यांत जास्त फोटो हिचे जतन होतात आणि सगळ्यांत जास्त जणी हिच्यातच फसतात. 1977 चा सिनेमा. डायन कीटन पांढरा पुरुषी शर्ट, काळं वेस्टकोट, ठिपक्यांचा टाय, ढगळ पँट आणि काळी टोपी घालून टेनिस क्लबात उभी राहते आणि तिथपासून ‘ॲनी हॉल लुक’ असा शब्दच रूढ झाला. गंमत अशी की हा वेश एखाद्या डिझायनरच्या कागदावरून आलेला नव्हता. कीटननं आपल्या आठवणींत लिहिलंय की तुला हवं ते घाल असं दिग्दर्शकानं सांगितलं, आणि तिनं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या झकास बायकांचं पाहून उचललं. म्हणजे रोजच्या बायकांचे कपडे नायिकेनं घेतले आणि ते परत रोजच्या बायकांनी तिच्याकडून घेतले. उधार-उसनवारी दोन्ही बाजूंनी चालू आहे, तेव्हा नक्कल करताना संकोच करायचं कारण नाही.

तर आपण फसतो कुठे? मी नवऱ्याचा शर्ट, त्याचीच पँट आणि टाय असा सगळा संच घालून एकदा ऑफिसला गेले होते. लिफ्टमध्ये एकीनं विचारलं, "आज नाटक आहे का?" संध्याकाळी आरशासमोर उभी राहून शोधलं तेव्हा चूक सापडली. वर ढगळ, खाली ढगळ, मधे धरून ठेवणारं काहीच नाही. ॲनीच्या वेशात ते काम वेस्टकोट करतं. पुरुषी शर्ट छातीवर सपाट बेतलेला असतो, त्याला टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या, नसतात. आपल्या अंगावर मापाचा घेतला तर नेमकी मधली बटणं ताणून फट पडते. मोठा घेतला तर फट जाते पण कंबरेशी झोळ येतो. वेस्टकोट एकाच वेळी फट झाकतं आणि झोळ आवळतं. पाठीवरचा छोटा पट्टा शोभेचा नसतो, तो ओढून घट्ट करायचा असतो. वेस्टकोटचा मुंढा, म्हणजे हात घालायची गोल जागा, मात्र नीट बघून घ्यावा, पुरुषी मापाचा असेल तर काखेत मोठी फट पडते आणि शर्ट फुग्यासारखा बाहेर येतो. शिंप्याकडे नेऊन बाजूच्या शिवणी आत घेतल्या तर सुधारतो.

खांद्याची शिवण दोन बोटं खाली उतरलेली चालते, चार बोटं उतरली की उसना कपडा वाटतो. टाय मी सोडून दिला. तो बांधायला मला सकाळी जितका वेळ लागतो तितक्यात डबा भरून होतो.

‘व्हेन हॅरी मेट सॅली’ 1989 चा. मेग रायनची सॅली बारा वर्षांत तीनदा बदलते, कारण कथाच 1977 मध्ये दोघांच्या गाडीप्रवासानं सुरू होऊन पुढं सरकत जाते. लोकांना या सिनेमातला हॅरीचा पांढरट जाड स्वेटरच जास्त आठवतो, पण रोजच्या कामाच्या बाईनं बघायला हवी ती सॅली. उंच कंबरेची पँट, आत खोचलेला स्वेटर किंवा टॉप, वर ब्लेझर, पायात सपाट बूट. रंग तपकिरी, राखाडी, गंजाचा, निळा, म्हणजे अंधारात हात घालून काढलेले दोन कपडेसुद्धा एकमेकांशी भांडत नाहीत. पानगळीत बागेत फिरताना तीही ब्लेझरवर टोपी घालते आणि तिथं मला तिच्यात ॲनीच दिसते. एकीचं दुसरीनं घेतलं आणि आपल्याला झेपेल इतकं सौम्य केलं.

अडचण एकच, सॅलीचं कपाट थंडीवर उभं आहे. थंडी नसेल तर लोकर सोडावी आणि प्रमाण ठेवावं: कंबर उंच, वरचं खोचलेलं, अंगावर एक सैल थर. तो थर सुती शर्टाचा असला, बटणं उघडी ठेवून, तरी चालतं. जुन्या ब्लेझरच्या खांद्यांत पॅड असतील तर ते काढून टाकावेत, अस्तर जरा उसवलं की निघतात. आणि स्वेटर असलाच तर त्याच्यावर येणाऱ्या गोळ्यांची तयारी ठेवावी. बाहीच्या आतल्या बाजूला आणि जिथं पर्सचा पट्टा घासतो तिथं त्या आधी येतात.

गीतवर थोडक्यात. 2007 चा ‘जब वी मेट’, करीना कपूर, वर टी-शर्ट आणि खाली पतियाळा सलवार. त्या दोन कपड्यांना एकत्र आणायची हिंमत खूप जणींना तिथून मिळाली. जमतं ते अशासाठी की पतियाळाच्या सगळ्या चुण्या कंबरेखाली एकवटलेल्या असतात आणि आखूड टी-शर्ट त्या दिसू देतो. लांब कुर्ता घातला की अर्धं कापड फुकट. आगगाडी सुटो, रात्र कुठंही निघो, हे कपडे साथ सोडत नाहीत. प्रवासाला, सुट्टीला चौघींत हीच सरस. ऑफिसात चालेल की नाही हे तुझ्या ऑफिसवर आहे, आणि पहिल्याच महिन्यात त्याची परीक्षा मी तरी घेणार नाही.

तेव्हा माझं मत सरळ आहे. नवी नोकरी, रोज जायचं, सकाळी विचार करायला वेळ नाही, तर कपाटाचा मोठा भाग सॅलीचा असू दे. दोन पँटी, एक ब्लेझर, चार वरचे कपडे, सगळे एकाच रंगघराण्यातले. त्यात राजकन्येचा एक पांढरा शर्ट घाल. ॲनीला आत्ता हात लावू नकोस. महिनाभरानं, तिथली माणसं ओळखीची झाली की फक्त वेस्टकोट आण आणि सॅलीच्याच पँटवर घालून बघ. शनिवार गीतला दे.

हे सगळं वाचून तिचा एका शब्दाचा निरोप आला: "टोपी?"

टोपी मी घेतली होती, काळी, अगदी तशीच. हल्ली तिच्यात सुटी बटणं ठेवते.