प्लेन्स, जॉर्जिया : भुईमुगाच्या शिवारातले राष्ट्राध्यक्षांचे गाव

अटलांटाला मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या कोल्हापूरकर आई-वडिलांना मत्स्यालय, मंदिर आणि मॉल हमखास दाखवले जातात आणि बहुधा तेवढ्यावरच मुक्काम आटोपतो. त्या शहरापासून दक्षिणेला, गाडीने अडीच-तीन तासांवर, समटर काउंटीत प्लेन्स नावाचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या अवघी ५७३ भरली. अमेरिकेचे ३९ वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १ ऑक्टोबर १९२४ रोजी या गावात जन्मले, पदावरून उतरल्यावर १९८१ मध्ये या गावातच परत येऊन राहिले आणि वयाची शंभरी पुरी करून २९ डिसेंबर २०२४ रोजी येथेच वारले. त्यांचे आणि पत्नी रोझलिन यांचे दफनही राहत्या घराच्या आवारातच झाले आहे. ज्या पाहुण्यांना शेतीची जाण आहे, त्यांनी अटलांटातला एखादा दिवस कमी करून हे गाव अवश्य पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावातील बहुतेक स्थळे ‘जिमी कार्टर नॅशनल हिस्टॉरिकल पार्क’ या नावाखाली केंद्र सरकारची उद्यान सेवा सांभाळते आणि प्रवेशाला शुल्क नाही. पाहणीची सुरुवात जुन्या हायस्कुलाच्या इमारतीपासून करावी, कारण संग्रहालय आणि माहिती केंद्र तेथेच आहे. जिमी व रोझलिन दोघेही याच शाळेत शिकले. या शाळेतील जुलिया कोलमन या शिक्षिकेचे शब्द कार्टर यांनी १९७७ च्या शपथविधीच्या भाषणात उद्धृत केले होते, आणि त्यामुळे तिथला जुना वर्ग पाहताना आपोआपच पाय रेंगाळतात. १८८८ मध्ये बांधलेले छोटे लाकडी रेल्वे स्थानक हे १९७६ च्या निवडणुकीचे प्रचार कार्यालय होते. ते पाहायला फार वेळ लागत नाही. कार्टर हे भुईमुगाचे शेतकरी, म्हणून उभारलेला हसऱ्या शेंगेचा तेरा फुटी पुतळा हा फोटोपुरताच आहे.

खरा वेळ द्यावा तो आर्चरी या वस्तीवरील शेतघराला. कार्टर कुटुंब १९२८ मध्ये, जिमी चार वर्षांचे असताना, येथे राहायला आले. घर साधे, लाकडी आणि बैठे आहे. १९३५ मध्ये पवनचक्की बसेपर्यंत घरात नळाचे पाणी नव्हते आणि वीज आली ती १९३८ मध्ये. न्हाणीत वर एक डबा टांगलेला आहे, त्याच्या तळाला भोके पाडलेली आहेत. हाच या घरातला शॉवर. राष्ट्राध्यक्षांचे घर म्हणून काहीही वाढवून, सजवून किंवा चकचकीत करून ठेवलेले नाही, ही या स्मारकाची सर्वांत मोठी जमेची बाजू मला वाटते. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या घराचे जतन म्हणजे संगमरवरी फरशी आणि पूर्णाकृती पुतळा असे समीकरण होऊन बसले आहे. त्या पार्श्वभूमीवर ही संयत मांडणी मनापासून दाद द्यावी अशी आहे.

घराला लागूनच वडील अर्ल कार्टर यांचे छोटे दुकान आहे. शेतावरचे मजूर आणि वाटेकरी येथूनच रॉकेल, तंबाखू, कामाचे कपडे उधारीवर नेत आणि पीक निघाले की हिशेब होई. आपल्या ऊसतोड मजुरांच्या उचलीसारखाच हा व्यवहार होता, त्यामुळे तो आम्हाला कोणी वेगळा समजावून सांगावा लागला नाही. थोड्या अंतरावर जॅक आणि रेचेल क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याचे घर आहे. पहाट होण्याआधी जॅक क्लार्क घंटा वाजवीत आणि शेताचा दिवस सुरू होई. लहान जिमी अनेकदा त्यांच्याच घरी झोपत असे. मात्र ज्या हायस्कुलात तो पुढे शिकला, ते केवळ गोऱ्या मुलांसाठी होते. ही विसंगती झाकून ठेवलेली नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला त्या शहरातून गेलेल्या माणसाला येथे अनेक प्रश्न पडतात. त्याच कार्टर यांनी १२ जानेवारी १९७१ रोजी जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची सूत्रे घेताना वांशिक भेदभावाचा काळ संपला, असे जाहीरपणे सांगितले, हे लक्षात ठेवून क्लार्क यांच्या घरात थोडा वेळ थांबावे.

मराठी वाचकाने येथे कार्टर यांच्या मातोश्री लिलियन यांचीही आठवण ठेवावी. व्यवसायाने परिचारिका असलेल्या या बाई वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेमार्फत भारतात आल्या आणि मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत त्यांनी रुग्णसेवा केली. पुढे २००६ मध्ये स्वतः कार्टर दांपत्याने लोणावळ्याजवळील पाटण गावात घरबांधणीच्या कामाला हात लावला. ज्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ संस्थेसाठी ते आले होते, तिची स्थापना १९७६ मध्ये शेजारच्या अमेरिकस गावी झाली.

शेंगांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. आसपासचे लाल मातीचे शिवार आजही भुईमुगाचे आहे. कागल-गडहिंग्लजकडे बायकांनी वेल उपटून बांधावर शेंगा तोडताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काढणीत यावे. येथे यंत्र वेल उपटून मुळे वर करून ओळीने उलटे टाकते, शेंगा काही दिवस शेतातच वाळतात आणि मग दुसरे यंत्र त्या तोडून घेते. माणूस क्वचितच दिसतो. गावातल्या दुकानांच्या एकुलत्या एका रांगेत तळलेले दाणे, दाण्यांचे आइस्क्रीम आणि उकडलेल्या शेंगा मिळतात. लहानपणी जिमी याच रस्त्यावर उकडलेल्या शेंगा विकत असे. येथील शेंगा ओल्याच, भरपूर मिठाच्या पाण्यात कित्येक तास शिजवतात, त्यामुळे टरफल बोटाने दाबताच पिचकते आणि आतला दाणा घेवड्याच्या बीसारखा मऊ लागतो. आपल्याला आवडतो तो थोडा करकरीतपणा त्यात नाही, आणि मीठही मला जास्त वाटले. तळलेले दाणे मात्र खमंग होते, ते घरच्यांसाठी बांधून घ्यावेत.

अँडरसनव्हिल प्लेन्सपासून अर्ध्या तासावर आहे, परंतु ते त्याच दिवशी घाईने उरकू नये. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील फुटीर राज्यांच्या सैन्याने फेब्रुवारी १८६४ मध्ये येथे युद्धकैद्यांचा तळ सुरू केला. दहा हजारांसाठी योजलेल्या या लाकडी कोटात, तो साडेसव्वीस एकरांपर्यंत वाढवल्यावरही, ऑगस्टमध्ये बत्तीस हजारांवर माणसे कोंडलेली होती. पिण्याचे पाणी एका ओढ्याचे, आणि त्यातच घाण मिसळत होती. एकूण सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळजवळ १३,००० जण हगवण, स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग) आणि उपासमारीने मेले. आज तेथे मोकळे गवताळ रान आहे आणि कोटाची हद्द पांढऱ्या खुंटांनी दाखवली आहे. दफनभूमीत मात्र शिळा एकमेकींना जवळपास खेटून उभ्या आहेत, कारण प्रेते चरांत खांद्याला खांदा लावून पुरली गेली. डोरेन्स अॅटवॉटर या तरुण कैद्याने मृतांच्या यादीची गुपचूप दुसरी प्रत काढून ठेवली होती. तिच्याच आधारे १८६५ मध्ये युद्धात जखमींची सेवा केलेल्या क्लारा बार्टन यांच्या उपस्थितीत थडग्यांवर नावे लागली. ओळीमागून ओळ नावे वाचत जाताना त्या यादीचे मोल कळते. १९९८ मध्ये उघडलेले युद्धकैद्यांचे संग्रहालयही याच आवारात असून येथेही प्रवेश विनामूल्य आहे.

उणिवा स्पष्ट सांगतो. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीशिवाय येथे फिरणे कठीण आहे. कॉर्डील या गावाहून ठरावीक दिवशी पर्यटक रेल्वे धावते, पण तिच्या वेळापत्रकावर सगळा बेत बांधावा लागतो. शाकाहारी जेवणाची आबाळ होते, तेव्हा घरून दशम्या आणि चटणी न्यावी. उन्हाळ्यात ऊन व दमट हवा दोन्ही असह्य होतात आणि चिलटे डोळ्यांसमोरून हटत नाहीत, म्हणून वयस्कर मंडळींनी जून ते ऑगस्ट टाळावा. रात्रीचा मुक्काम अमेरिकसला करावा, पहिला दिवस शाळा आणि शेतघराला द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्यापूर्वी अँडरसनव्हिल गाठावे.