पंधरा मिनिटांची हमी : कॉलेजच्या ग्रंथालयात अकरा महिने

पुढच्या आठवड्यात सभासदत्व संपतंय. नूतनीकरण करायचं की अनामत परत घेऊन मोकळं व्हायचं, हे ठरत नव्हतं म्हणून लिहायला बसलो. बाहेरच्या वाचकाला वर्षाचे २,००० रुपये, वर ३,००० अनामत, आणि पुस्तक घरी न्यायला परवानगी नाही. पुण्यातलं जुनं कॉलेज आहे, नाव सांगत नाही. माणसं वाईट नाहीत.

बसायची जागा, पंखे, पिण्याचं पाणी, सगळं ठीक. चप्पल बाहेर काढावी लागते, पिशवी खणात ठेवावी लागते, खणाला कुलूप आपलं आपण आणायचं. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. सगळा वाद त्या बोर्डाचा.

गेल्या वर्षी नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, टीम येऊन गेली, त्याच्या आधी महिनाभर देवघेव काउंटरवर निळा ॲक्रिलिकचा बोर्ड लागला. ‘आमची सेवा मानके’. देवघेव ५ मिनिटे. नवीन कार्ड २ दिवस. तक्रारीला उत्तर ७ दिवस. आणि सगळ्यात वर, ठळक : ‘मागणी चिठ्ठीवर १५ मिनिटांत कार्यवाही’. मी त्या बोर्डावर भाळूनच पैसे भरले. जुनी पुस्तकं आतल्या बंद रॅकमध्ये असतात, तिथे वाचकाला प्रवेश नाही. चिठ्ठी द्यायची आणि बाकावर बसायचं. पंधरा मिनिटांत पुस्तक हातात येणार असेल तर आणखी काय हवं?

पहिला महिना खरंच मजेत गेला. चिठ्ठीवर ‘आली’ आणि ‘दिली’ असे दोन रकाने, दोन्हीत वेळ लिहितात. नऊ मिनिटं, अकरा मिनिटं, एकदा तर सहाच. घरी जाऊन बायकोला कौतुक सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या बँकेत असं कधी झालं नाही ते!

मग ‘सापडत नाही’ सुरू झालं. त्याचा चक्क रबरी शिक्का आहे. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकातल्या यादीत, पुस्तकापुढे हिरव्या अक्षरात ‘उपलब्ध’, आणि बारा मिनिटांनी चिठ्ठी परत येते ती निळ्या शाईत ‘सापडत नाही’ घेऊन. मला पुणे जिल्ह्यातल्या जुन्या बाजारगावांवर थोडं लिहायचंय, त्यासाठी १८८५ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर लागतं. पुण्याचा तो अठरावा खंड, तीन भागांत. पहिला मिळाला, तिसरा मिळाला. दुसरा नाही. (नेटवर आहे, मला माहीत आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्क्रीनवर चारशे पानं वाचून दाखवा, मग सांगा.) दुसऱ्या भागासाठी मी आठ वेळा चिठ्ठी दिली. आठही वेळा ‘सापडत नाही’, आणि आठही वेळा पंधरा मिनिटांच्या आत.

शेवटी तक्रारवहीत लिहिलं. सातव्या दिवशी, म्हणजे तेही मानकाप्रमाणेच, उत्तर आलं : ‘आपल्या सर्व मागण्यांवर विहित वेळेत कार्यवाही झालेली आहे.’

इथे माझं डोकं फिरलं, आणि तितक्यातच हसूही आलं. कारण हा खेळ मी ओळखतो. आमच्या बँकेच्या शाखेतही असा बोर्ड होता, पासबुक ५ मिनिटं, डिमांड ड्राफ्ट १५ मिनिटं. वेळ मोजायची ती टोकन दिल्यापासून. तेव्हा गर्दीच्या दिवशी आम्ही टोकनच उशिरा द्यायचो. गिऱ्हाईक अर्धा तास उभं आणि आमचा ड्राफ्ट तेरा मिनिटांत. विभागीय कार्यालयाकडून कौतुकाचं पत्रही आलं होतं. मोजायचं काय हे ज्याच्या हातात, तो कधी नापास होत नाही. ग्रंथालयात चिठ्ठीला उत्तर दिलं की घड्याळ थांबतं, मग त्या उत्तरात पुस्तक असो वा शिक्का. उलट न शोधता लगेच शिक्का मारला तर सरासरी सुधारतेच!

रिकामा वेळ होता, वाचत बसलो. ग्रंथालयांची कामगिरी मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ११६२०, पहिल्यांदा आलं १९९८ साली. त्यात बंद रॅकमधून पुस्तक यायला लागणारा वेळ हा एक निर्देशांक, मागितलेलं पुस्तक मिळालं का हा दुसरा, आणि पुस्तक आपल्या जागेवर आहे का हा तिसरा. तिन्ही वेगवेगळे. आमच्या बोर्डाने पहिला तेवढा उचलला, कारण तो मोजायला सोपा आणि दिसायला छान. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांनी २००० साली लिबक्वाल नावाची पाहणी सुरू केली. तिच्या बावीस प्रश्नांपैकी प्रत्येकाला वाचकाकडून तीन उत्तरं घेतात : निदान किती हवं, किती असलं तर बरं, आणि प्रत्यक्षात किती मिळतं. आमच्याकडच्या अभिप्राय फॉर्मवर पर्याय तीनच, ‘उत्कृष्ट’, ‘उत्तम’ आणि ‘चांगले’. ‘वाईट’ला चौकोनच नाही. दाराशी रंगनाथनांचा फोटो आहे, १२ ऑगस्टला त्याला हार घालतात. १९३१ मध्ये त्या गृहस्थांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. फोटोच्या बरोबर खाली मी बाकावर बसून असायचो.

इथपर्यंतचं मी दिवाळीच्या सुमारास लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, ‘पैसे वाया’. ते आता बदलावं लागतंय.

झालं असं की एका सकाळी काउंटरवरच्या परिचर बाई म्हणाल्या, “काका, तुम्ही रोज चिडता, एकदा आत या आणि स्वतःच बघा.” मॅडमनी, म्हणजे ग्रंथपालांनी, मान हलवली. आत गेलो. सत्तर-ऐंशी हजार पुस्तकं आणि शोधणारी माणसं दोन. आणखी दोन जागा निवृत्तीनंतर भरल्याच नाहीत. परीक्षेच्या काळात पोरं आपल्याला हवं ते पुस्तक दुसऱ्याला मिळू नये म्हणून मोकळ्या रॅकमध्ये भलतीकडे खोचून ठेवतात. बाईंनी माझ्यासमोर मराठी कवितेच्या ८९१.४६१ या वर्गांकाच्या रांगेतून कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक ओढून काढलं. “हे गेल्या आठवड्यात चौघांना ‘सापडत नाही’ म्हणून गेलंय,” म्हणाल्या. शिक्का मारताना त्यांनाही बरं वाटत नसावं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मी मॅडमना विचारलं, सापडत नाही तर संगणकात ‘गहाळ’ का नाही करत? निदान ‘उपलब्ध’ हे खोटं तरी दिसणार नाही. त्या म्हणाल्या, “गहाळ केलं की पडताळणीत खुलासा द्यावा लागतो, सर. कोण द्यायचा?” हे मला पटलं नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतसुद्धा वर्षाला हाताळल्या गेलेल्या हजार पुस्तकांमागे पाच गेली तर ते वाजवी मानलंय, फक्त लबाडी किंवा निष्काळजीपणा नसावा. कॉलेजला ते नियम थेट लागू नसतील, पण भीतीपोटी यादी खोटी ठेवायची हे बँकेतल्या माणसाला झेपत नाही. मी तसं बोललो. जरा जास्तच बोललो.

पण मॅडमना श्रेय द्यायला हवं, त्यांनी ऐकून घेतलं. जानेवारीपासून चिठ्ठीवर तिसरा रकाना आला : ‘पुस्तक मिळाले? हो / नाही’. छापायला खर्च नको म्हणून पेनाने रेघ मारतात. ‘नाही’ झालेल्या चिठ्ठ्या वेगळ्या पत्र्याच्या डब्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध होतो. शिवाय रोज ११ ते १२ एक रॅक लावायचा, म्हणजे एकेक पुस्तक काढून त्याचा दाखल क्रमांक (प्रत्येक प्रतीला नोंदवहीत मिळालेला स्वतंत्र आकडा) यादीशी जुळवायचा. त्या तासात आतल्या पुस्तकांची चिठ्ठी घेत नाहीत. सुरुवातीला मी यावरही कुरकुरलो, कारण मी नेमका अकराला पोचतो. बोर्डाप्रमाणे पाहिलं तर सेवा खालावली. वेळ वीस-पंचवीस मिनिटांवर गेली आहे आणि बोर्डावर अजून पंधराच आहे. पण माझ्या डायरीत दिवाळीआधी चाळीस चिठ्ठ्यांपैकी सतरा पुस्तकाविना परत आल्या होत्या. जानेवारीनंतरच्या एकतीसपैकी पाच.

आता गॅझेटिअर. मार्चमध्ये इतिहासाच्या रॅकची पाळी आली. दुपारी बाई बाहेर आल्या त्या हातात जाडजूड लाल पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन, हसू दाबत. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरात ‘भाग ३’. मी म्हटलं, हा मी वाचलाय. त्यांनी आतलं पान उघडून दाखवलं. भाग दोन! कधीतरी बांधणीला गेलं, बाइंडरने पाठीवर तीनचा आकडा उमटवला, आणि तेव्हापासून ते तिसऱ्या भागाशेजारी दुसरी प्रत म्हणून उभं होतं. शोधायला जाणारा प्रत्येक जण पाठ वाचून परत येत होता. दाखल क्रमांक जुळवायला घेतल्यावरच ते पकडलं गेलं. आणि त्या दिवशी आत गेलो होतो तेव्हा ते दोन ‘भाग ३’ मीही पाहिले होते. दोन प्रती ठेवल्यात, पैसा कसा उधळतात बघा, असं मनात म्हणून पुढे गेलो होतो.

मग रीतसर चिठ्ठी भरायला लावली. नववी. ‘आली’ १२.१०, ‘दिली’ १२.१४. चार मिनिटांत कार्यवाही. तिसऱ्या रकान्यात बाईंनी ‘हो’भोवती दोनदा गोल केला.

२,००० भरतोय. पावती दोन दिवसांनी मिळेल म्हणाले.