एकच चॅनल, पण ट्रेस दोन-चार हवेत: कोणता मार्ग धराल?

एका चॅनलचा, म्हणजे एका वेळी एकाच सिग्नलचा आलेख (ट्रेस) दाखवणारा ऑसिलोस्कोप वापरणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. क्लॉक दिसतो, डेटाही दिसतो, पण एका वेळी एकच. आणि बघायचं तर हेच असतं की दोघांत आधी कोण बदलतो.

मार्ग निवडण्याआधी स्कोपवर एक्स्टर्नल ट्रिगरचं सॉकेट (रेषा कधी काढायला सुरुवात करायची हा इशारा, म्हणजे ट्रिगर, बाहेरून देण्याची जागा) आहे का, ते बघून घ्या. माझ्या मते अर्धा निर्णय तिथेच होतो. दोन रेषा पडद्यावर आणणं अवघड नाही. त्यांच्यातलं वेळेचं नातं खरं दिसणं हे ट्रिगरवर अवलंबून असतं, आणि बरेच जण स्विचिंगच्या सर्किटवर आठवडा घालवून मग इथे अडतात.

सॉकेट नसेल आणि सिग्नल डिजिटल असतील, तर दोन रेझिस्टरही पुरतात. अ सिग्नल १० किलोओहममधून आणि ब सिग्नल २० किलोओहममधून एका बिंदूवर आणायचा आणि प्रोब तिथे लावायचा. ५ व्होल्टच्या लॉजिकला चार पायऱ्या मिळतात: दोन्ही खाली असताना ०, फक्त ब वर असताना १.६७, फक्त अ वर असताना ३.३३ आणि दोन्ही वर असताना ५ व्होल्ट. ट्रिगरची पातळी २.५ व्होल्टवर ठेवली की ब काहीही करो, ट्रिगर फक्त अ वरच होतो. शिवाय दोन्ही सिग्नल खरोखर एकाच क्षणी पडद्यावर येतात, त्यामुळे डिजिटल स्कोपवर एकदाच घडणारी घटनाही पकडता येते. अडचण वाचण्याची आहे. ४० किलोओहम जोडून तिसरा सिग्नल आणला की आठ पायऱ्या होतात आणि डोळे फिरतात. अ‍ॅनालॉग सिग्नलला हा मार्ग बाद.

स्कोप डिजिटल असेल आणि त्यात रेफरन्स मेमरी असेल, तर सर्किट बांधायची गरजच नाही. ट्रिगर बाहेरून एका ठरावीक सिग्नलवर बांधा, पहिला ट्रेस साठवा, प्रोब हलवा, दुसरा बघा. अट एवढीच की सिग्नल दर वेळी तसाच परत यायला हवा. प्रोब हलवताना टाइमबेसला (आडव्या वेळेच्या मापाला) हात लावला, तर तुलना गेली.

अ‍ॅनालॉग सिग्नल, जुना सीआरटी (काचेच्या नळीचा) स्कोप आणि हौस, या तिन्ही गोष्टी असतील तर मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेक इनपुट आळीपाळीने एका आउटपुटला जोडणारा स्विच. सीडी ४०५१ या मल्टिप्लेक्सर चिपमध्ये आठ इनपुट असतात. त्याला +५ आणि -५ व्होल्ट दिले की ऋण सिग्नलही जातात, मात्र सप्लायच्या बाहेरचे नाहीत. मोठा सिग्नल आधी विभागून लहान करावा लागतो. प्रत्येक इनपुटला ऑप-अँप (अ‍ॅम्प्लिफायर) आणि एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लागतो, म्हणजे ट्रेस वर-खाली सरकवता येतात. नाहीतर सगळे एकमेकांवर बसतात. टीएल०७४ ही ऑप-अँप चिप चालते, पण तिची गेन-बँडविड्थ (वेगाची मर्यादा) सुमारे ३ मेगाहर्ट्झ, तेव्हा अपेक्षा ऑडिओ आणि त्याच्या थोडं पुढे एवढीच ठेवा.

इथे पुन्हा दोन वाटा फुटतात: चॉप आणि अल्टरनेट. चॉपमध्ये स्विच सतत फिरत राहतो. दोन ट्रेसमध्ये १०० किलोहर्ट्झने फिरला तर पडद्यावरच्या एका चौकटीला १ मिलिसेकंद असताना प्रत्येक ट्रेसचे शंभर तुकडे पडतात आणि रेषा सलग वाटते. १० मायक्रोसेकंदांवर मात्र चौकटीत एकच तुकडा उरतो. अल्टरनेटमध्ये एक पूर्ण स्वीप (पडद्यावरची डावीकडून उजवीकडे एक फेरी) पहिल्याचा, पुढचा दुसऱ्याचा. १ मिलिसेकंद आणि दहा चौकटी म्हणजे १० मिलिसेकंदांचा स्वीप. दोन ट्रेसना मिळून निदान २० मिलिसेकंद, म्हणजे फार तर सेकंदाला ५० वेळा. त्याहून संथ गेलात की लुकलुक सुरू. म्हणून संथ सिग्नलला चॉप, वेगवान सिग्नलला अल्टरनेट. स्वीप संपल्याची खबर देणारं गेट आउटपुट स्कोपच्या मागे असेल, तर अल्टरनेट सोपं होतं. नसेल तर चॉपवरच भागवा.

दोन्हींत ट्रिगर बाहेरूनच हवा. चॉपमध्ये आतला ट्रिगर ठेवला तर स्कोप तुमच्या स्विचच्याच उड्यांवर ट्रिगर होतो. अल्टरनेटमधली चूक जास्त लबाड असते: प्रत्येक ट्रेस स्वतःवर ट्रिगर होतो, चित्र सुरेख स्थिर दिसतं आणि त्यातला फेज (दोन सिग्नलमधला वेळेचा फरक) साफ खोटा असतो. हेच सर्किट डिजिटल स्कोपला जोडलंत तर डिस्प्ले ठिपक्यांवर ठेवा, नाहीतर दोन ट्रेसच्या मधल्या उभ्या रेषांनी पडदा भरून जातो.

सगळे सिग्नल डिजिटलच असतील आणि चारच्या वर असतील, तर यातलं काहीच करू नका. आठ चॅनलचा छोटा यूएसबी लॉजिक अ‍ॅनालायझर घ्या; प्रत्येक सिग्नल वर आहे की खाली, एवढंच तो नोंदतो. सेकंदाला २४ दशलक्ष नमुने घेणारा साधा प्रकार आयस्क्वेअरसी किंवा सिरियल यांसारख्या डेटा-जोडण्यांना भरपूर झाला. कडा किती तिरकी आहे किंवा व्होल्टेज किती घसरलं, हे तो सांगणार नाही. त्यासाठी एका चॅनलचा स्कोप शेजारी आहेच. आणि वेगवान अ‍ॅनालॉग घटना एकदाच घडणार असेल, तर मात्र दोन चॅनलचा स्कोप शोधायला लागा.