आंब्याच्या हंगामात पेमेंट गेटवे: माझा दोन वर्षांचा अनुभव

पाचपैकी दोन तारे देतेय, आणि ते दोन्ही पहिल्या सहा आठवड्यांचे आहेत.

मी ऐरोलीला राहते, माहेर देवगड तालुक्यातलं. धाकट्या भावाची तीनशेच्या आसपास हापूसची कलमं आहेत. २०२३ पर्यंत आमचा सगळा माल वाशीच्या मार्केटला जायचा आणि पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हातात आली की मगच पेटीला काय भाव लागला ते कळायचं. २०२४ ला ठरवलं, निम्मा आंबा थेट गिऱ्हाइकाला द्यायचा. टेम्पो रात्री देवगडहून निघतो, पहाटे आमच्या सोसायटीच्या गेटवर उभा राहतो. तिथून ठाणे, घणसोली, कोपरखैरणे आम्हीच पोचवतो, पुण्याला कुरिअरने पाठवतो. वेबसाइट मुलीने बनवली आणि पैसे घ्यायला एक पेमेंट गेटवे जोडला, म्हणजे गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन ते आमच्या बँक खात्यात टाकणारी सेवा. कंपनी मोठी आहे. नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

आधी चांगलं सांगते. खातं दोन दिवसांत सुरू झालं. पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला चेक, वेबसाइटवर रिफंडचे नियम आणि संपर्काचं पान एवढंच मागितलं. यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग सगळं एकाच ठिकाणी. ऑर्डर आली की पैसे आपोआप जुळायचे, वहीत टिकमार्क करायला नको. तिसऱ्या दिवशी बँकेत जमा. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला पाच-सहा ऑर्डरी होत्या, एकदाही चूक झाली नाही.

कमिशन दोन टक्के आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दोन डझनांच्या दोन हजारांच्या खोक्यामागे ४७ रुपये २० पैसे. खोका, पेंढा, टेम्पो, कुरिअर, वाटेत डागी झालेली फळं हे सगळं वजा जाता आमच्या हातात त्या खोक्यामागे दोनशेच्या आत उरतात, त्यातले हे सत्तेचाळीस. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, म्हणून आमची नोंदणी नाही, म्हणून जीएसटीच्या त्या सात रुपये वीस पैशांची वजावटही नाही. यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे विक्रेत्याकडून कापायचं शुल्क, सरकारने १ जानेवारी २०२० पासून शून्य केलाय, पण आमच्या गेटवेने यूपीआयच्या ऑर्डरीवरही तेवढेच दोन टक्के कापले, ‘प्लॅटफॉर्म फी’ या नावाने. तरी कमिशनबद्दल माझी तक्रार नाही. ते आधी सांगितलेलं होतं, मी सही केली होती.

तक्रार १० मे २०२४ ची आहे. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. मराठी घरांत अक्षय्य तृतीयेला आमरस लागतोच, त्यामुळे त्याच्या आधीच्या चार दिवसांत ८३ ऑर्डरी आल्या, एकूण १,७१,६०० रुपयांच्या. आम्ही रात्री दीड-दोनपर्यंत खोके भरत होतो. नऊ तारखेला संध्याकाळी ईमेल आला की खात्यावर नेहमीपेक्षा वेगळी हालचाल दिसते आहे, तपासणी होईपर्यंत सेटलमेंट, म्हणजे आमच्या खात्यात पैसे जमा करणं, थांबवलंय. नवीन ऑर्डरीचे पैसे घेणं मात्र चालूच होतं! म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जात होते, आमच्याकडून आंबा जात होता आणि आमच्या खात्यात काही येत नव्हतं. साइटवरचं बटण मी स्वतः रात्री अकराला बंद केलं.

अकरा तारीख दुसरा शनिवार, बारा रविवार. फोन नंबर नाही, फक्त तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवायची आणि वाट बघायची. सोमवारी उत्तर आलं: ८३ ऑर्डरींची बिलं द्या, माल पोचल्याचे पुरावे द्या, जीएसटी क्रमांक द्या. आंब्याला तो लागत नाही हे तीन वेळा लिहिलं. माल कुठून आणता याचा पुरावा मागितला तेव्हा भावाचा सातबारा पाठवला. कलमांची नोंद आहे त्यावर. दोन दिवसांनी उत्तर, की कागद मराठीत आहे, इंग्रजी भाषांतर जोडा. महाराष्ट्रात धंदा करायचा, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडून कमिशन घ्यायचं आणि सातबारा वाचणारं एक माणूस ठेवायचं नाही, याचा मला आजही राग येतो. मुलीने रात्रीत भाषांतर केलं. मग २० मे आली, ठाण्यात मतदानाची सुट्टी. पैसे जमा झाले ३० मेला.

आमचा हंगाम पन्नास-पंचावन्न दिवसांचा असतो. त्यातले एकवीस दिवस पैसे अडकले. बागेत नेपाळी गडी असतात, पावसाच्या आधी ते गावी निघतात आणि निघताना त्यांना पूर्ण हिशेब लागतो. भावाचा रोज फोन, “ताये, गड्यांची मजुरी खंयसून देव?” शेवटी सोसायटीतल्या भिशीतून साठ हजार उचलले. माझा नंबर दिवाळीला होता. दोघीजणींनी आपला नंबर मागे घेतला म्हणून जमलं.

राग शांत झाल्यावर मी हे सगळं समजून घेतलं, कारण पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरवायचं होतं. कार्डाने पैसे भरलेलं गिऱ्हाईक साधारण १२० दिवसांपर्यंत आपल्या बँकेकडे तक्रार करू शकतं. तोवर विक्रेता पसार झाला असेल तर ते पैसे गेटवेच्या अंगावर येतात. त्यामुळे नवं खातं, जुना इतिहास नाही आणि अचानक चौपट उलाढाल दिसली की त्यांची यंत्रणा थांबते. चोर ओळखायची खूणही तीच आणि अक्षय्य तृतीयेच्या आंबेवाल्याची खूणही तीच. पैसे कंपनी खाते असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ते बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला स्वतःसाठी वापरता येत नाही अशा खात्यात, ठेवावे लागतात. तपासणी करायला माझा विरोध नाही. खातं उघडताना तपासा, दोन महिने आधी तपासा. दोन दिवसांत खातं देऊन ऐन हंगामात तपासायला बसायचं, याने माणूस मरतो.

वाशीच्या दलालाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बोल लावत आलो. पण फवारणीच्या दिवसांत, झाडाला फळ धरायच्या आधी, तोच उचल देतो. भावाने मला हे त्या मे महिन्यात शांतपणे सांगितलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच हंगामातली एक गोष्ट ऑगस्टमध्ये उपटली, नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात. मेमध्ये कार्डाने खोका घेतलेल्या एका गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली होती: आंबा खराब निघाला. साका असणार. हापूसमध्ये साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा आंबट गर निघतो. आम्ही साक्याचं फळ बदलून देतो, तसं खोक्यात चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. मला एक फोन आला असता तर त्याच संध्याकाळी पैसे परत केले असते. आता गेटवेवाले सात दिवसांत पुरावा द्या म्हणाले. तीन महिन्यांपूर्वी खाल्लेल्या आंब्याचा कसला पुरावा देणार? कुरिअरची पावती दिली, ती आंबा पोचल्याची होती, चांगला असल्याची नव्हती. दोन हजार गेले, पहिलं कमिशनही परत आलं नाही.

२०२५ ला पद्धत बदलली. ऐरोलीतल्या बँकेत धंद्यासाठी वेगळं चालू खातं काढलं, घरखर्चाच्या खात्याशी संबंध नाही. कुठल्याशा फसवणुकीतले पैसे फिरत फिरत आपल्याकडे आले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली, तर आपल्या खात्यावरची रक्कमही गोठवली जाते. तुर्भ्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराला ते भोगावं लागलंय. ऑर्डर नोंदली की साइटवर रकमेसकट बँकेचा क्यूआर दिसतो. पैसे थेट खात्यात, कमिशन नाही, मध्ये कोणी नाही. तोटा असा की रोज रात्री मी आणि मुलगी पाऊण तास यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला नंबर, ऑर्डरींशी जुळवत बसतो. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवत नाही. घोडबंदर रोडच्या एकाने चार हजारांचा छान बनवलेला स्क्रीनशॉट पाठवला होता, खात्यात एक रुपया नव्हता. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलेलीच नाही. पुण्याहून परत आलेला खोका उघडून बघा, कारण कळेल.

परदेशातली मुलं नौपाड्यात, पाचपाखाडीत राहणाऱ्या आईवडिलांसाठी पेटी मागवतात आणि पेपॅल, ही परदेशात चालणारी ऑनलाइन पैसे देण्याची सेवा, आहे का विचारतात. पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली. परदेशातून आलेले पैसे घेता येतात, पण तिथे गिऱ्हाइकाला वाद घालायला १८० दिवस असतात. चार दिवसांत पिकणाऱ्या फळाला सहा महिन्यांची टांगती तलवार मला झेपत नाही. त्यांना सांगते, एनआरई किंवा एनआरओ खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथल्या बँकेतलं खातं, असेल तर अमेरिका, दुबई, सिंगापूरसारख्या काही देशांतल्या नंबरवरूनही यूपीआय चालतं. बरेच जण तसं करतात.

फक्त कार्डांसाठी दुसरा एक गेटवे घेतलाय. सही करण्याआधी फेब्रुवारीतच त्यांना ईमेल केला: आमचा धंदा एप्रिल-मेचा, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात ऑर्डरी चौपट होतात, किती रकमेपर्यंत पैसे अडवणार नाही ते लेखी द्या. त्यांनी मागच्या वर्षीचं बँक स्टेटमेंट मागितलं, सातबारा मागितला आणि मर्यादा लिहून दिली. ३० एप्रिल २०२५ च्या अक्षय्य तृतीयेला ती ओलांडली नाही. १ मेची सुट्टी गेली आणि पुढे पैसे वेळेवर आले. यांना चार तारे. एक तारा कापला, कारण यांचंही फोनवर कोणी भेटत नाही.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला. झाडावरचा उरलेला आंबा गेला, गडी ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी निघाले. हिशेब मात्र आदल्या रात्री पुरा झाला होता, भिशीला हात न लावता.