स्पॅनिशचा वर्तमानकाळ घोटून घेणारं अ‍ॅप : काही महिन्यांच्या वापरानंतर

स्पॅनिश क्रियापदांची रूपं पाठ करून घेणारं एक पैसे भरून घ्यायचं अ‍ॅप उन्हाळ्यापासून वापरतेय. ऑफिसात मेक्सिकोचे ग्राहक आहेत, म्हणून घेतलं. नाव लिहीत नाही. या जातीची अ‍ॅप्स एकाच साच्यातली असतात आणि खालचं बरंचसं कुठल्याही एकाला लागू पडेल.

काम साधं आहे. क्रियापद दिसतं, शेजारी 'मी', 'तू', 'आम्ही' असं काहीतरी, आणि रूप टाइप करायचं. नियमित क्रियापदांचे गट तीन: आब्लारसारखी (बोलणे), कोमेरसारखी (खाणे) आणि बिबीरसारखी (राहणे, जगणे). शेवटचं शेपूट (आर, एर, ईर) काढायचं आणि आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लान असं लावत जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या गटात फरक इतकाच की 'आम्ही'ला कोमेमोस पण बिबीमोस, आणि स्पेनमधल्या 'तुम्ही लोक'ला कोमेइस पण बिबीस. बाकी रूपांची शेपटं सारखीच. अ‍ॅप मात्र तिन्ही गट सारखाच वेळ घेऊन शिकवतं. खरं तर पहिल्यावर जोर हवा. बहुसंख्य क्रियापदं त्यातली आणि नवीन येणारीही त्यातच जातात: चातेआर, तुइतेआर, एस्कानेआर.

माझी मुख्य तक्रार वेगळीच. सगळं समजावणं इंग्रजीवाल्यांसाठी आहे. कर्ता गाळला तरी चालतो, हे सांगायला एक अख्खा धडा. अहो, आपण दिवसभर 'येतेस का?', 'जेवलात का?' हेच करतो. 'उद्या फोन करते' म्हणायला तिकडेही साधा वर्तमानकाळच चालतो, 'मान्याना ते यामो'. आणि '२०१९ पासून पुण्यात राहते' यातही तिकडे आपल्यासारखा वर्तमानकाळच येतो. इंग्रजीत या वाक्यासाठी वेगळा काळ लागतो, म्हणून अ‍ॅप त्यावर पानंच्या पानं खर्च करतं. मराठी माणसाने हे धडे सरळ उडवावेत. आपल्याला तर एक सवलतही मिळते: बोलतो-बोलते ही भानगडच नाही, पुरुष असो की बाई, आब्लोच.

अडतं ते दुसरीकडे. आपण आदर दाखवायला अनेकवचनात जातो, 'साहेब बोलतात'. स्पॅनिशमध्ये समोरच्या एका मोठ्या माणसाला 'उस्तेद' म्हणायचं आणि क्रियापद मात्र तृतीयपुरुषी एकवचनी, आब्ला. आब्लान म्हटलं की समोर एकाहून जास्त माणसं झाली. यावर अ‍ॅपमध्ये चार ओळी आहेत, आणि फोनवर रोज लागतं ते नेमकं हेच. मेक्सिकोत 'तुम्ही लोक'लाही 'उस्तेदेस' आणि आब्लान, त्यामुळे स्पेनचं आब्लाइस सेटिंगमध्ये बंद करून टाकलं. अर्जेंटिनावाल्यांशी काम असेल तर तिथे 'तू'ऐवजी 'बोस' आणि आब्लास म्हणताना आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटी. हे रूप या अ‍ॅपमध्ये नाहीच.

आता आघात. वर्तमानकाळाच्या सरावात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं प्रकरण हेच. 'पागो' म्हणताना जोर 'पा'वर दिला तर 'मी पैसे भरते'. जोर 'गो'वर गेला तर 'त्याने पैसे भरले'. काळही बदलला, माणूसही बदलला. बिलाच्या फोनवर हा फरक किती महागात पडेल ते सांगायला नको. देवनागरीत दोन्ही एकसारखंच लिहिलं जातं आणि आपल्या कानालाही आघाताने अर्थ बदलायची सवय नाही. एकवचनात आणि आब्लानमध्ये जोर धातूवर असतो, आब्लामोस म्हणताना तो 'ला'वर सरकतो. अ‍ॅपने काय केलंय? आघाताची तिरकी रेघ (pagó मधल्या ó वरची) राहिली तरी उत्तर बरोबर, ही सवलत आधीच चालू ठेवलीय. पहिल्या दिवशी ती बंद करा. उच्चार ऐकवायचं बटण आहे, पण आवाज यंत्राचा आणि सगळी अक्षरं सपाट. वहीत देवनागरीत रूपं लिहायची असतील तर जोराच्या अक्षराखाली रेघ ओढत जा.

चांगलं काय? चुकलेलं रूप काही दिवसांनी पुन्हा समोर येतं, हे फार उपयोगी आहे. लोकलमध्ये उभ्या उभ्या होतं. नेट लागत नाही. आता रूपं विचार न करता तोंडात येतात, निदान नियमित क्रियापदांची तरी.

रूप तपासायला मात्र अ‍ॅपवर विसंबत नाही. माद्रिदच्या रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या संस्थेचा (स्थापना १७१३) कोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात क्रियापदांची रूपं मिळतात. तीन गटांसाठी त्यांची नमुन्याची क्रियापदं आमार, तेमेर, पार्तीर ही आहेत. तक्ता दिसायला रुक्ष, पण भरवशाचा.

वार्षिक वर्गणी घेऊ नका. तीन नियमित गटांना एक-दोन महिन्यांची पुरते. पुढे सेर (असणे), इर (जाणे), तेनेर (जवळ असणे) अशी अनियमित मंडळी येतात आणि तिथे हे अ‍ॅप नुसते तक्ते पुढे करतं. सरावासाठी पाचपैकी साडेतीन, समजावण्यासाठी दोन.