पोकेमॉन गोमधला मचॅम्प: कामाला वाघ, पण टीएम खाऊन जीव काढतो

पोकेमॉन गोमध्ये नव्या खेळाडूने विचारलं की फायटिंग टाइपचा पोकेमॉन कोणता करू, तर दहातले नऊ जण सांगतात, मचॅम्प कर. सल्ला बरोबरच आहे. पण पुढची अर्धी गोष्ट कोणी सांगत नाही. मचॅम्प होणं सोपं, कामाचा मचॅम्प होणं हा निराळाच उद्योग. चार्ज्ड टीएम (एनर्जी साठवून मारायचा मोठा अटॅक बदलून देणारी वस्तू) टाकला, हेवी स्लॅम जाऊन रॉक स्लाइड आला. अजून एक टाकला, क्रॉस चॉप. अजून एक, परत हेवी स्लॅम. त्या तिरीमिरीतच हे लिहायला घेतलंय, तेव्हा सूर थोडा तिखट लागेल.

आकडे सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून एका ओळीत: बेस अटॅक २३४, डिफेन्स १५९, स्टॅमिना २०७. हवी असलेली जोडी काउंटर (फास्ट, म्हणजे सतत मारायचा छोटा अटॅक) आणि डायनॅमिक पंच (चार्ज्ड). बाकी जे काही असेल ते रेडमध्ये, म्हणजे मिळून मोठ्या बॉसशी लढताना, तडजोड.

आता मूळ दुखणं. मचॅम्पच्या चार्ज्ड यादीत हेवी स्लॅम, रॉक स्लाइड, क्रॉस चॉप, क्लोज कॉम्बॅट आणि डायनॅमिक पंच असे पाच आहेत. टीएम टाकल्यावर हातात असलेला अटॅक परत येत नाही, उरलेल्या चारांतला एक येतो. म्हणजे प्रत्येक टीएमला चारात एक संधी, सरासरी चार टीएम एका मचॅम्पमागे. रेडला सहाची टीम लागते. गुणाकार करून बघा. चार्ज्ड टीएम काही पोकेस्टॉप फिरवून मिळत नाहीत. ते मिळतात रेड जिंकून किंवा बॅटल लीग (खेळाडूंमधल्या लढती) खेळून, आणि तिथेही दर वेळी मिळतीलच असं नाही.

बरं, तडजोड करायची तर कुठे करायची? क्लोज कॉम्बॅट नावाला भारदस्त, पण रेडमध्ये एकपट्टीचा आहे. पूर्ण १०० एनर्जी साठेपर्यंत थांबा, आणि साठत आली की मचॅम्प नेमका आडवा पडतो. साठलेली सगळी एनर्जी पाण्यात. डायनॅमिक पंच ५० एनर्जीत सुटतो, म्हणून तो हवा. क्रॉस चॉपही ५० मध्ये सुटतो आणि झटपट होतो, जिमपुरता (खेळाडूंनी काबीज करायचे अड्डे) खपून जातो. टीएमची चणचण असेल तर क्रॉस चॉपवर थांबा. रॉक स्लाइड वाईट नाही, पण रॉकसाठी मचॅम्प कोण ठेवतो? हेवी स्लॅम स्टीलचा, मचॅम्पला त्यावर सेम-टाइप बोनस (स्वतःच्याच टाइपच्या अटॅकला मिळणारी वाढ) नाही आणि स्टील चालेल असे बॉस मुळात मोजके. तो ताबडतोब काढा.

डायनॅमिक पंचचीही एक गंमत आहे. मूळ खेळांतलं पोकेडेक्स (पोकेमॉनची नोंदवही) सांगतं की हा गडी चार हातांनी दोन सेकंदांत हजार ठोसे मारतो. इथे एकच ठोसा मारायला महाशय अडीच सेकंदांच्या आसपास घेतात. तेवढ्यात बॉसचा चार्ज्ड अटॅक आला की डॉज करता येत नाही. म्हणून बॉसने नुकताच मोठा अटॅक टाकला असेल तेव्हाच बोट ठेवायचं. बार भरला की लगेच दाबायची सवय मचॅम्पला महागात पडते.

फास्ट अटॅकचं एवढं रडगाणं नाही. बुलेट पंच आला तर एखाद-दुसऱ्या फास्ट टीएमने काउंटर मिळतो. एलिट चार्ज्ड टीएम (हवा तो अटॅक निवडू देणारा दुर्मीळ टीएम) मात्र डायनॅमिक पंचसाठी चुकूनही वापरू नका. जे साध्या टीएमने आज ना उद्या मिळणार आहे, त्यासाठी तो जाळणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

यावर उतारा एकच आहे, आणि तो फुकट आहे. मचोकचा (मचॅम्पच्या आधीचा टप्पा) मचॅम्प करायला १०० कँडी (पोकेमॉन पकडून जमणारं चलन) लागतात, पण ट्रेड होऊन आलेल्या मचोकला शून्य. जानेवारी २०२० पासूनची ही सोय अजून कित्येकांना माहीत नाही. मचॉपचा मचोक करायला २५ कँडी, पुढे मित्राशी मचोक-मचोक अदलाबदल, दोघांचेही फुकटात मचॅम्प. मचोक दोघांच्याही पोकेडेक्समध्ये आधीच असला पाहिजे, तरच ट्रेड १०० स्टारडस्टमध्ये (खेळातलं दुसरं चलन, थोडक्यात डस्ट) होतो. नसेल तर तो स्पेशल ट्रेड धरला जातो आणि डस्टचा आकडा हजारांत जाऊ शकतो. शायनीचंही तेच, तो यात घालू नका. ट्रेडमध्ये आयव्ही (त्या पोकेमॉनचे जन्मजात गुण) नव्याने पडतात, म्हणून चांगल्या आयव्हीचा स्वतःकडे ठेवा आणि सुमार असेल तो द्या. एकदा ट्रेड झालेला पुन्हा ट्रेड होत नाही.

आता याचा टीएमशी संबंध काय? उत्क्रांतीच्या वेळी फास्ट आणि चार्ज्ड दोन्ही नशिबाने येतात. प्रत्येक उत्क्रांतीला १०० कँडी मोजायच्या असतील तर मिळेल ते पदरात घेऊन टीएम ओतत बसावं लागतं. फुकट होत असेल तर आठ-दहा मचोक एकदम बदला आणि जे डायनॅमिक पंच घेऊन जन्मले तेवढेच ठेवा. त्यांतल्या बुलेट पंचवाल्यांवर फास्ट टीएम खर्च करा, कारण फास्ट टीएम तसेही पडून असतात. बाकीचे प्रोफेसरकडे, म्हणजे सोडून द्या. मचॉप पकडल्यावर ३ कँडी, पिनॅप बेरी दिली तर ६, म्हणजे २५ कँडी हा काही मोठा खर्च नाही. शिवाय ट्रेड होणारे दोन मचोक एकमेकांपासून १०० किमीपेक्षा लांब पकडलेले असतील तर एकाऐवजी ३ कँडी मिळतात. पुण्यात ट्रेड करणाऱ्यांनी नाशिक-कोल्हापूरला पकडलेले मचॉप म्हणूनच सांभाळून ठेवावेत.

डस्टबद्दल माझं मत ठाम आहे: मचॅम्पला लेव्हल ४० वर नेऊ नका. २० पासून ३० पर्यंत ७५,००० डस्ट आणि ६६ कँडी. ३० पासून ४० पर्यंत आणखी १,५०,००० डस्ट आणि १८२ कँडी. या दीड लाखात मिळतं काय? अटॅक जेमतेम आठ टक्के वाढतो. सीपी (एकूण ताकदीचा आकडा) २६२० वरून ३०५६ होतो, ते बघायला छान वाटतं, तेवढंच. त्याच सव्वादोन लाखांत ३० लेव्हलचे तीन मचॅम्प उभे राहतात, आणि रेडमध्ये एक महागडा पडल्यावर मागे किरकोळ गडी असण्यापेक्षा तीन बऱ्यापैकी असणं केव्हाही बरं. अटॅक आयव्ही १५ ऐवजी १० असेल तर फरक दोन टक्क्यांचा. त्यासाठी झुरत बसू नका. लकी मचॅम्प (ट्रेडमध्ये नशिबाने मिळणारा) असेल तर डस्ट निम्मं लागतं, तिथे हा हिशोब बदलतो, तो खुशाल वर न्या.

याहून स्वस्त मार्गही आहे. ढगाळ हवामानात फायटिंग टाइपला बूस्ट असतो, आणि बूस्टमधला जंगली मचॉप लेव्हल ३५ पर्यंतचा मिळू शकतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलंच असतं. मात्र अंशतः ढगाळ हे चिन्ह वेगळं, त्यात नॉर्मल आणि रॉकला बूस्ट मिळतो, आणि पाऊस सुरू झाला की वॉटर, इलेक्ट्रिक आणि बगला. म्हणजे मुसळधार पावसात मचॅम्पला काहीच नाही, पाऊस थांबून आभाळ राखाडी राहिलं की लगेच बाहेर पडा. पकडलेला मचॉप कितीचा आहे ते पॉवर-अपच्या भावावरून कळतं. बटणावर ७,००० दिसत असेल तर तो ३३ ते ३४.५ मधला, ८,००० असेल तर थेट ३५ चा. असला एकही सोडू नका. त्याच्यावर एक डस्ट न घालता तो तुमच्या पॉवर-अप केलेल्या मचॅम्पच्या पुढे असतो, आणि तुमची ट्रेनर लेव्हल पुरेशी असेल तर ट्रेडमध्ये त्याची लेव्हलही टिकते.

वापराबद्दल. टायरॅनिटार हे मचॅम्पचं हक्काचं गिऱ्हाईक: रॉक आणि डार्क, दोन्हींवर फायटिंग भारी, म्हणजे २.५६ पट मार, आणि त्याचे रॉक-डार्कचे अटॅक मचॅम्पला कमी लागतात. डार्कराय, रेजिस्टील, रेजिरॉक, डायल्गा, इथेही डोळे झाकून न्या. मेटाग्रॉस स्टील आहे म्हणून मचॅम्प नेणारे भेटतात. तो सायकिकही आहे, त्यामुळे फायदा कापला जातो आणि वर झेन हेडबटचा मार बसतो. रेडच्या लॉबीत खेळ स्वतःहून जी टीम सुचवतो तीत अनेकदा जाडजूड, संथ पोकेमॉन भरलेले असतात. त्यावर विसंबू नका, स्वतःची पार्टी आधीच बनवून ठेवा. योग्य जोडीचे मचॅम्प शोधायला शोधपेटीत नावापुढे & आणि मग @ लावून अटॅकचं इंग्रजी नाव टाका, तेवढेच गाळून येतात.

जिममध्ये स्नोरलॅक्स आणि स्लेकिंगवर मजा येते, विशेषतः जांभई देणाऱ्या स्लेकिंगवर, त्याचा फास्ट अटॅक मुळी लागतच नाही. ब्लिसीचं मात्र बघून. तिच्याकडे पाउंड असेल तर सोपं आहे. झेन हेडबट आणि डॅझलिंग ग्लीम असेल तर सायकिक आणि फेअरी, दोन्ही मचॅम्पच्या वर्मावर. मग दोन-तीन मचॅम्प रिव्हाइव्हच्या रांगेत. जिम सोडवण्यात फायदा म्हणजे कॉइन: दहा मिनिटांना एक, दिवसाला कमाल ५०. पूर्ण पन्नासला आठ तास वीस मिनिटं टिकावं लागतं. प्रीमियम पास (रेडचं तिकीट) १०० कॉइनचा आहे, म्हणजे दोन दिवसांच्या जिममध्ये खिशात हात न घालता एक जादा रेड. या हिशोबात मचॅम्प स्वतःची किंमत वसूल करतो. पण राखणीला त्यालाच जिममध्ये बसवू नका, सायकिक किंवा फ्लाइंगवाला कोणीही येऊन मिनिटभरात उडवून लावतो.

दुसरा चार्ज्ड अटॅक उघडायला ५०,००० डस्ट आणि ५० कँडी. फक्त रेड खेळत असाल तर गरज नाही. ग्रेट लीगसाठी (१५०० सीपीची मर्यादा असलेली बॅटल लीग) क्रॉस चॉप आणि रॉक स्लाइडची जोडी चालते, कारण रॉक स्लाइडमुळे समोरच्या फ्लायरला विचार करावा लागतो. तिथे डायनॅमिक पंचची गरज पडत नाही, तेव्हा नको असलेल्या अटॅकचा एखादा मचॅम्प १५०० च्या आत ठेवून लीगला लावा.

इथवरचं आधी लिहिलं होतं आणि तेव्हा पाचपैकी साडेतीन दिले होते. शॅडो मचॅम्प (टीम रॉकेट या खलनायक टोळीकडून सोडवलेला) वापरल्यावर मत बदललं. आधी वाटायचं, शॅडो म्हणजे डस्टची होळी आणि रिव्हाइव्हचा खुर्दा. डिफेन्स खरोखरच कमी होतो, तो लवकर पडतो, हे खरंच आहे. पण अटॅकला २० टक्के वाढ मिळते. म्हणजे ३० लेव्हलचा शॅडो ४० लेव्हलच्या साध्यापेक्षा साधारण ११ टक्के जोराने मारतो. ग्रंटकडून (टोळीच्या साध्या शिपायाकडून) मिळणारा शॅडो मचॉप लेव्हल ८ चा असतो, हवामान जुळलं तर १३ चा. शॅडोला पॉवर-अप २० टक्के महाग, तरीही ८ पासून ३० पर्यंत साधारण १,३६,००० डस्ट लागतं. साध्याला २० पासून ४० वर नेण्याच्या २,२५,००० समोर हे स्वस्तच म्हणायचं. उत्क्रांतीची कँडी मात्र पूर्ण १२५, कारण शॅडो ट्रेड होत नाही.

आणि फिरून गाडी टीएमवरच. शॅडोकडे फ्रस्ट्रेशन हा कुचकामी चार्ज्ड अटॅक असतो, आणि तो टीम रॉकेटच्या टेकओव्हर इव्हेंटमध्येच निघतो. इव्हेंट सुरू झाला की लोक तिथल्या तिथे डायनॅमिक पंच येईपर्यंत टीएम ओततात. कशाला? जितके शॅडो मचॉप-मचोक-मचॅम्प असतील, त्या सगळ्यांवर एकेक टीएम टाकून फक्त फ्रस्ट्रेशन घालवा. पुढचे बदल इव्हेंट संपल्यावरही होतात, टीएम जमतील तसे. मचॉप असतानाच फ्रस्ट्रेशन काढून मग उत्क्रांत केलं तर मचॅम्प होताना नवीन अटॅक मिळतो, तीही एक फुकटची सोडत.

दुसरा फायटिंग पोकेमॉन कॉन्केलडर, अटॅक २४३ आणि स्टॅमिना २३३, साध्या मचॅम्पपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. पण शेवटच्या टप्प्याला २०० कँडी आणि टिंबर (त्याचा पहिला टप्पा) काही मचॉपसारखा गल्लोगल्ली दिसत नाही. गर्डरही (मधला टप्पा) ट्रेडने फुकटात बदलतो, तेव्हा मित्राकडे असतील तर आधी ते मागा. लुकॅरियो ऑरा स्फिअरसह झटपट मारतो, पण १७२ स्टॅमिनावर पटापट पडतो. टेराकियन सेक्रेड सोर्डसह उत्तम, पण लेजेंडरी असल्यामुळे त्याची कँडी रेडमधून, म्हणजे पुन्हा पासचा खर्च.

आता पाचपैकी सव्वाचार. कापलेले पाऊण गुण सगळेच्या सगळे हेवी स्लॅमच्या नावे. गिगँटामॅक्स (राक्षसी आकाराच्या) मचॅम्पच्या मागे लागणाऱ्यांसाठी एवढंच: तो वेगळाच पकडावा लागतो, तुमचे जुने कितीही कसलेले मचॅम्प त्यात बदलत नाहीत. आणि ज्यांच्याकडे २०२१ च्या कम्युनिटी डेचा (खेळातला खास इव्हेंट) पेबॅक अटॅकवाला मचॅम्प आहे, त्यांनी त्याच्यावर चार्ज्ड टीएम टाकण्याआधी अटॅकचं नाव दोनदा वाचा. साध्या टीएमने तो परत येत नाही.